पहिल्या उकळीचं पाणी

तिरफळ ज्यानं कधी खाल्लं नाही, त्याला ते समजावून सांगण्यात अर्थ नाही. वाटाण्याएवढं, काळपट, तोंड उघडं असलेलं वाळकं फळ. कालवणात चार टाकली की घरभर वास, आणि दाताखाली एक आलं की जीभ, ओठ, हिरड्या सगळं झिणझिणून बधिर. आम्हा कोकणातल्यांना त्यातच मजा वाटते. देशावरची माणसं घाबरतात.

माझी सून तनुजा चऱ्होलीची. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी बांगड्याचं कालवण केलं आणि तिच्या दाताखाली तिरफळ आलं. बिचारी ताटावरून उठली, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आई, माझं तोंड गेलं." मी आणि माझा मुलगा अजिंक्य पोट धरधरून हसलो. तेव्हापासून आमच्या घरात ती थट्टाच होऊन बसली. तिचं डोकं दुखलं, तिरफळ. बस चुकली, तिरफळ. दोन वर्षं होत आली तरी ती संपेना. मी स्वभावानं तिखट आहे, हे लोकांनी सांगायची गरज नाही. ज्याची थट्टा करते तो माझा, असा माझा हिशेब होता.

खरं सांगायचं तर मला ही मुलगी नको होती. अजिंक्यनं चाकणला कंपनीत बरोबर काम करता करता परस्पर जमवलेलं. मी बावीस वर्षं इथे देशावर रहाटणीत राहते, हे गेल्यावर एकटीनं मुलाला वाढवलं, आणि सून आणताना मला विचारलं ते शेवटी. वर्षभर मी धुसफुसतच होते. मग या वर्षी दसऱ्याच्या आधी तनुजाला डेंगी झाला. पेशी वीस हजारांवर आल्या. अकरा दिवस दवाखान्यात. तिथल्या बाकावर बसून मला एक गोष्ट लख्ख कळली, की ही पोरगी मला हवी आहे. तिच्यावाचून घर मला नको. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे असलं बोलत नाहीत, जेवायला घालतात.

घरी आली तेव्हा जिना चढताना दोनदा थांबली. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जात होती. मी मनाशी म्हटलं, आता हिला उभी करणार ती मी.

आणि अशक्त माणसाला उभं कसं करायचं, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं होतं. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, वाफवताना त्यांचं अंगचं पाणी सुटतं. पहिल्या उकळीचं ते राखी पाणी गाळून, चिमूटभर मीठ घालून, गरम गरम प्यायला द्यायचं. तापातून उठलेल्याला, म्हाताऱ्याला, किरट्या पोराला. मांस इतरांनी खावं, पाणी आजाऱ्यानं. सगळा कस त्या पाण्यात उतरतो, असं आई म्हणायची. या एका बाबतीत ती किती खरं बोलत होती, हे मला आता माहीत आहे.

शुक्रवारी माझा भाऊ नवनाथचा फोन आला. माझं माहेर देवगडकडचं, घर खाडीला लागून. नवनाथ म्हणाला, "ताय, भावकीत सुतक. दहा दिवस आमच्या वाडयेत कोणाच्या तोंडाक मासो नाय. आणि तिसरे असे भरलेत, इचारू नको. सगळे तुकाच धाडतंय, तुझ्या सुनेक पाज."

माहेरच्या भावकीचं सुतक मला लागत नाही. मी म्हटलं, धाड.

मग तो सहज म्हणाला, "खाडयेचा पाणी कसा झाला हा माहीत आसा? लाल. चायसारख्या. आणि काळोखात होडी हाकली तर वल्ह्याक उजेड लागता. लोक बघूक येतत."

लहानपणी असं पाणी मी एकदा पाहिलं होतं. आईनं शिंपल्यांची टोपली उपडी घालून ठेवली होती आणि अमावास्या उलटेपर्यंत ती सरळ केली नव्हती. खाडी बाहेरची झाली, तिला शिवायचं नाही, असं म्हणाली. जशा आम्ही बायका चार दिवस बाहेरच्या बसायचो, तशीच खाडीही. त्या दिवसांत खाडीत कुणी उतरायचं नाही, आणि कारण कुणी विचारायचं नाही.

आणि नेमकं तेच मला आयुष्यभर खटकत आलेलं. शिवाशिव मी रहाटणीत आल्या दिवसापासून मोडून टाकली होती. तनुजा लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच महिन्यात दबकत म्हणाली, "आई, मी बाजूला बसू का?" तेव्हा मी तिला हाताला धरून ओट्यापाशी उभी केली होती. चऱ्होलीच्या बायकांत ही गोष्ट पोचली, याचा मला केवढा अभिमान. आता खाडीचा विटाळ पाळू की काय? मला हसू आलं. नवनाथला म्हटलं, "शनिवारी रात्रीच्या गाडीत टाक."

रविवारी अजिंक्यला ओव्हरटाइम होता. पहिली शिफ्ट, साडेतीनला सुटणार. पावणेसहालाच तो कंपनीच्या बसनं गेला. त्यांच्याकडे मोबाईल गेटवरच्या खणात जमा करावा लागतो, आणि याचा मोबाईल तसाही कायम मेलेला. चार्जिंगला लावायचं पठ्ठ्याच्या लक्षात राहत नाही. मी रिक्षानं डांगे चौकात गेले, ट्रॅव्हल्सच्या क्लीनरकडून थर्माकोलचा डबा घेतला आणि मांडीवर ठेवून घरी आणला.

तिसऱ्या खरोखरच भरलेल्या होत्या. चार पाण्यांनी चोळून धुतल्या, मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू सोडवली आणि टोपात घालून झाकण ठेवलं. तिसऱ्यांची परीक्षा एकच. वाफेवर जी उघडते ती ताजी, मिटून राहते ती फेकायची. त्या दिवशी एकही मिटलेली निघाली नाही. मला इतका आनंद झाला की नवनाथला फोन करून सांगणार होते.

तेवढ्यात दारात सोपानराव, तनुजाचे वडील. न कळवता आलेले, आणि बरोबर ज्वारीचं पोतं, डाळिंबाची पेटी, तुपाची किटली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "या, या." माणूस भला आहे. माळकरी. माझ्या घरात मासळी शिजत असली की खुर्ची दाराशी सरकवून बसतात, पण नाक मुरडत नाहीत.

"आवं कुसुमताई, पोरगी उठून बसली, मला लई झालं," ते म्हणाले. "तुमच्या हाती दिलीय, आमी कशाला काळजी करावी?"

मी पाणी गाळून मोठ्या कपात ओतलं आणि तनुजापुढे धरलं. तिनं वास घेतला. मला वाटलं, आता नाटकं करणार. पण तिनं घोट घेतला, मग दुसरा, आणि कप रिकामा केला.

"चांगलं लागतंय, आई."

तिनं माझ्या हातचं काही आपणहून चांगलं म्हटलं ते पहिल्यांदाच. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "अजून आहे, घे." तिनं मान हलवली. मी म्हटलं, "माझ्यासाठी." टोपात राहिलेलं सगळं दुसऱ्या कपात ओतलं. तिनं तेही प्यायलं. पावणेबारा वाजले होते.

मी ओट्यापाशी गेले. खोबऱ्याचं वाटण परतलं, तिसऱ्या घातल्या, कोकमं टाकली. तिसऱ्यांत तिरफळ घालत नाहीत असं कुणी म्हणेल. आमच्याकडे घालतात, अगदी शेवटी, चेचून. डबीतून सात काढून वाटीत ठेवली. रस्सा चमच्यानं दोनदा चाखला, मिठासाठी.

बाहेरून तनुजाचा आवाज आला, "आई, ओठांना मुंग्या येतायत."

मी मोठ्यानं हसले. आतूनच ओरडले, "ऐकलंत का सोपानराव? तुमच्या लेकीला तिरफळ लागलं!" ही थट्टा त्यांनाही ठाऊक होती. तेही हसले. दोन वर्षांत तनुजाला कळलं होतं, की या घरात तोंड बधिर झालं म्हणून सांगण्यात काही अर्थ नसतो.

दहाएक मिनिटांनी ती म्हणाली, "बोटांनाही येतायत." मी म्हटलं, अशक्तपणा. मग ती म्हणाली, "मला तरंगल्यासारखं वाटतंय. पाय जमिनीला लागत नाहीयेत." हे शब्द जड होते, तोंडात घास असल्यासारखे. सोपानराव खुर्ची सोडून तिच्यापाशी गेले. मी म्हटलं, "जरा पड. मी कालवण उतरवते आणि आलेच."

तिरफळं चेचायला मी वाटी उचलली. सातही तशीच होती, कोरडी, अख्खी.

मी वाटीकडे बघत राहिले. तिरफळ अजून कशातच पडलं नव्हतं. कालवणात नाही, आणि त्या पाण्यात तर कधीच नाही. पाण्यात मीठ सोडून काहीच नव्हतं. मग हिच्या ओठांना काय लागलं? त्याच क्षणी मला जाणवलं की माझ्या स्वतःच्या जिभेचं टोक झिणझिणतंय. दोन चमचे चाखले होते, तेवढ्यानं.

मी गॅस बंद केला. टोपावर झाकण ठेवलं. तीस वर्षांची सवय. घराला आग लागली तरी मी झाकण ठेवूनच बाहेर पडेन.

सोपानरावांनी तिला उचलली. खांद्यावर तिची मान राहत नव्हती. मी लॅच ओढून घेतलं आणि त्यांच्या गाडीत मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. काळेवाडीच्या रस्त्याला रविवारचा बाजार, गाडी पुढे सरकेना. सोपानराव खिडकीतून हात काढून ओरडत होते, "सरा, सरा! पोरगी हाय गाडीत!" तनुजा माझ्याकडे बघत होती. डोळे पूर्ण जागे. ओठ हलवायचा प्रयत्न करत होती आणि ते हलत नव्हते. मी तिला सांगितलं, काही नाही, पोचलोच. मला तिरफळाशिवाय दुसरं काहीही सुचत नव्हतं आणि तो शब्द मी तोंडात दाबून धरला होता.

दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं बोटं दाबायला लावली, पापण्या उचलल्या, आणि श्वास मोजताना त्याचा चेहरा बदलला. आधी विचारलं, साप? मग डेंगीचे कागद चाळले. मग म्हणाला, "सकाळपासून काय काय खाल्लंय?"

सोपानराव म्हणाले, "काय बी न्हाई. सकाळी इडली, आन् ह्यांनी केलेलं सूप."

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्यावर त्यांना संशय नव्हताच. मी गप्प बसले असते तर डॉक्टर डेंगीमागे आणि सापामागे धावत राहिला असता, आणि माझं नाव कुठेच आलं नसतं. खोटं कशाला बोलू, दोन श्वास मी गप्प बसले. त्या दोन श्वासांची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

मग मी सगळं सांगितलं. शिंपल्या, पहिल्या उकळीचं पाणी, दोन कप, लाल खाडी, वल्ह्याला लागणारा उजेड, आई, उपडी टोपली. तो पोरगा हसला नाही. त्यानं कोकणात नोकरी केलेल्या आपल्या सरांना फोन लावला. बोलता बोलता त्यानं हातानं नर्सला खूण केली आणि तनुजाचं स्ट्रेचर आत धावत गेलं.

अडीचला तो बाहेर आला. म्हणाला, "मशीनवर घेतलंय. श्वासाचे स्नायू थांबत चालले होते."

त्यानं समजावून सांगितलं, साध्या शब्दांत. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव असतात. त्यांतली एखादी जात विषारी असते. एरवी थोडी असते, कधी अचानक वाढते, आणि मग पाण्याला रंग चढतो. शिंपल्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे ते विष त्यांच्या अंगात साठत जातं. त्यांना स्वतःला काहीच होत नाही. त्या जिवंत असतात, ताज्या असतात, गुबगुबीत असतात.

"वाफेवर सगळ्या उघडल्या," मी म्हटलं.

"उघडणारच. ह्या विषाला वास नाही, चव नाही. शिजवून ते मरत नाही. उलट पाण्यात उतरतं."

सगळा कस त्या पाण्यात उतरतो.

"औषध द्या की राव," सोपानराव म्हणाले.

"ह्याच्यावर उतारा नाही, काका. शरीर ते हळूहळू बाहेर टाकतं. तोवर मशीन तिच्यासाठी श्वास घेईल. आजचा आणि उद्याचा दिवस निघाला, तर बहुतेक उठेल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तिला हलता येत नाही, पण ऐकू सगळं येतंय. आत जाल तेव्हा रडू नका."

मला एकदाच आत सोडलं. तोंडात नळी, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मशीन ठरल्या वेळेला तिची छाती वर उचलत होतं. मी तिच्या कानाशी वाकले. दोन वर्षांत जे बोलले नव्हते ते सगळं बोलले. तू मला हवी आहेस म्हणाले. पुन्हा कधी हसणार नाही म्हणाले. तिचा हात माझ्या हातात होता, आणि तो कुणाचाही असू शकला असता, इतका सैल.

बाहेर सोपानराव बाकावर बसले होते. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलायला हवंच होतं. पण ते एवढंच म्हणाले, "मी बी हसलो की हो, कुसुमताई."

अजिंक्यला फोन लावायचा सोपानरावांनी चार वेळा प्रयत्न केला. बंद. "साडेतीनला सुटल, मग मोबाईल हातात येईल," ते म्हणाले. पुन्हा लावला. बंदच. कंपनीच्या गेटचा नंबर दोघांकडेही नव्हता. माझी जीभ अजून झिणझिणत होती. दर अर्ध्या तासानं नर्स येऊन माझी बोटं दाबून बघत होती. डॉक्टरनं मघाशी विचारलं होतं, आणखी कुणी खाल्लं का? मी छातीठोकपणे सांगितलं होतं, मी चाखलं तेवढंच, बाकी कुणी नाही, घरात खाणारं कुणीच नव्हतं.

पाच वाजायला आले तेव्हा डॉक्टर पुन्हा आला. म्हणाला, "काकू, त्यातलं काही उरलंय का? तपासायला पाठवावं लागेल. पाणी, कालवण, काहीही."

"आहे की," मी म्हटलं. "टोपभर आहे. ओट्यावर झाकून ठेवलंय."

बोलून झालं आणि माझी नजर समोरच्या घड्याळावर गेली. पाच वाजायला दहा मिनिटं. साडेतीनला शिफ्ट सुटते, साडेचारला बस रहाटणी फाट्यावर सोडते. सकाळी पावणेसहाला गेलेला मुलगा. त्याच्याकडे लॅचची किल्ली आहे. रविवारी घरात काय शिजतं ते त्याला जिन्यातच वासावरून कळतं.

माझा फोन वाजला. अजिंक्य.

"आई, कुठे आहात तुम्ही? फोन आत्ता चार्जिंगला लावला, बघतो तर एवढे मिस्ड कॉलचे मेसेज. सगळे सासऱ्यांचे. तनूला चेकअपला नेलंय का?" मी काही सांगायच्या आत तोच पुढे म्हणाला, घास गिळत, खुशीत, "कालवण झकास झालंय. वाट बघायला दम निघेना, दोनदा घेतलं. पण तिरफळ आज लईच टाकलंस गं. ओठ गेले पार माझे."

डॉक्टर माझ्यासमोर उभा होता. सोपानराव बाकावरून उठले होते. माझ्या मनात अजून एक वेडी आशा होती, की पोराला तिखट हवं असतं, त्यानंच वरून टाकलं असेल.

"अजिंक्य," मी म्हटलं, "ओट्यावर बघ. गॅसच्या डाव्या बाजूला वाटी आहे. तिच्यात तिरफळं आहेत का?"

त्याची पावलं ऐकू आली. मग वाटी सरकवल्याचा आवाज.

"आहेत," तो म्हणाला. "सात आहेत. अख्खीच. का गं?"